न सुटलेला ब्रेक

नागपूरच्या बेसा चौकाच्या अलीकडे मार्तंडरावांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि चिखलात रुतावा तसा तो थेट तळापर्यंत गेला. वेग बेताचा होता म्हणून निभावलं. त्यांनी गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला आणि त्यांची एकोणसाठ सालची अँबेसेडर एका पेरूच्या हातगाडीपासून वीतभर अंतरावर थांबली. पेरूवाल्याने मान वर करून एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि पुन्हा पेरू पुसायला लागला.

घरी आल्यावर त्यांनी हे चारुलताबाईंना सांगितलं ते मोठ्या खुशीत. आपण जरासुद्धा घाबरलो नाही, हे त्यांना सांगायचं होतं. हिंगण्याच्या एका कारखान्यात ते एकतीस वर्षं सुरक्षा अधिकारी होते. भोंगा वाजला की काय करायचं, आग लागली की कुठल्या दाराने बाहेर पडायचं, बाहेर पडताना शेजारच्याचा हात कसा धरायचा, हे त्यांनी हजारो कामगारांना शिकवलं होतं. "माणूस धोक्याने मरत नाही, घाबरल्याने मरतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

"या वेळी मात्र गॅरेजवाल्याला द्या," चारुलताबाई म्हणाल्या. "ब्रेकचं काम आहे."

"वायरिंग कोणी केलं? कार्बोरेटर कोणी उघडला? मग ब्रेकलाच काय सोनं लागलंय?"

चाळीस वर्षांच्या संसारात चारुलताबाईंना एवढं कळलं होतं की या स्वरातल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं.

दोष मास्टर सिलेंडरमध्ये होता. ब्रेकचं पेडल दाबलं की दांडी पुढे जाते, सिलेंडरमधला दट्ट्या ढकलते, आणि तेल नळ्यांतून चारही चाकांपर्यंत जोर पोचवतं. त्या दट्ट्याभोवतीचं रबर झिजलं की जोर कुठेच पोचत नाही, नुसता पाय खाली जातो. या जुन्या गाडीत सिलेंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, पत्र्याच्या तळाशी बसवलेला होता. मार्तंडरावांनी चाकांखाली लाकडी ठोकळे दिले, पायाखालचं रबरी जाजम उचललं आणि पत्र्यातलं छोटं झाकण उघडलं. आतलं तेल चहाच्या चोथ्यासारखं काळं झालं होतं. ते त्यांनी इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजने ओढून काढलं. मग गाडीखाली शिरून नळी सोडवली. दोन बोल्टांपैकी एक सहज निघाला. दुसऱ्याने दोन दिवस रॉकेल प्यायलं आणि तिसऱ्या दिवशी असा काही सुटला की पाना त्यांच्या हनुवटीवर आपटला.

अंगणात वर्तमानपत्र पसरून त्यांनी सिलेंडर उघडला. आधी तोंडावरची कडी, मग दट्ट्या, रबराची वाटी, स्प्रिंग, शेवटी वॉल्व्ह. जसं निघालं त्याच क्रमाने सगळं एका स्टीलच्या ताटात मांडलं.

"हे ताट माझं आहे," चारुलताबाई म्हणाल्या.

"होतं," ते म्हणाले, आणि दोघंही हसले.

रबराच्या वाटीची कड कुरतडल्यासारखी झाली होती. आतल्या नळीवर बारीक गंज होता. बारीक पॉलिश पेपर ब्रेकच्या तेलात भिजवून त्यांनी तो गोल गोल फिरवत काढला, इतका की आतून नळी आरशासारखी चमकायला लागली. शहरातल्या जरीपटका भागात, एका जुन्या दुकानात नवीन रबरांचा संच मिळाला. सगळं तेल लावून, क्रमाने परत बसवलं. आठवडाभर हे चाललं होतं, आणि आठवडाभर मार्तंडराव इतके आनंदात होते की रोज जेवताना तेच बोलत.

सिलेंडर जागेवर बसवताना चारुलताबाई टॉर्च धरून बसल्या होत्या. शेवटी मार्तंडरावांनी पेडलची दांडी लावली, नट आवळला आणि बोटाने पेडल हलवून पाहिलं. कुठेच ढिलं नाही.

"आधी हे थोडंसं नुसतंच हलायचं ना?" चारुलताबाईंनी विचारलं. "बोटाच्या पेराएवढं. आता तर अजिबात हलत नाही."

"तेच तर ढिलेपण काढलं. सगळी गाडी खिळखिळी, म्हणून पेडलपण खिळखिळं असू द्यायचं का?"

मग हवा काढायचं काम झालं. त्या पेडलवर पाय ठेवून बसल्या, ते बाटली आणि रबरी नळी घेऊन एकेका चाकामागे. "दाब. धर. सोड." तेल बुडबुड्यांशिवाय यायला लागलं तसं त्यांनी चाकांमागचे निपल, तेल सोडायच्या त्या छोट्या तोट्या, आवळले. गल्लीत एक चक्कर मारली. ब्रेक लावताच गाडी जागच्या जागी थांबली.

डिसेंबरची सुट्टी लागली होती आणि मुलाची मुलगी नूपुर पुण्याहून आली होती. नऊ वर्षांची. चारुलताबाईंचा धाकटा भाऊ अश्विन कुहीला राहायचा, त्याची तिथे धानाची शेती होती. रविवारी त्याच्याकडे गोळाभाताचं, डाळीच्या गोळ्यांसोबत शिजवलेल्या भाताचं, जेवण ठरलं. अँबेसेडरनेच जायचं, हे मार्तंडरावांनी परस्पर जाहीर करून टाकलं.

सकाळी साडेनवाला निघाले. नूपुर मागे एकटीच, पाय पसरून, राणीसारखी. शहर मागे पडलं तसं मार्तंडरावांच्या लक्षात आलं की गाडी जरा जड चालते आहे. पाय उचलला की पूर्वी कितीतरी पुढे आपसूक जायची, आता लगेच मंदावत होती. नवीन काम आहे, बसेल हळूहळू, असं त्यांनी मनात म्हटलं. वाटेत म्हशी आडव्या आल्या, एक ट्रॅक्टर आला, दोन गतिरोधक आले. प्रत्येक वेळी ब्रेक लावला आणि प्रत्येक वेळी तो सुंदर लागला.

"काहीतरी जळल्याचा वास येऊन राहिला," चारुलताबाई म्हणाल्या.

"शेतात कचरा जाळत असतील."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. धान कापून झालेल्या बांध्या होत्या, बगळे होते. धूर कुठेच नव्हता.

कुही सहा-सात किलोमीटर राहिलं असताना रेल्वेचं फाटक आलं. फाटक उघडं होतं. अलीकडे मोठा गतिरोधक होता, तिथे मार्तंडरावांनी ब्रेक जोरात दाबला, मग गाडी चढावर घेतली. पुढची चाकं पहिल्या रुळावरून खडखडत गेली. आणि गाडी थांबली. कोणी मागून धरून ठेवावं तशी. इंजिन एक आचका देऊन बंद पडलं.

त्यांनी पुन्हा चालू केलं. पहिला गिअर टाकून क्लच सोडला. आचका, आणि बंद. रिव्हर्स टाकला. बंद. गाडी बोटभरही हलेना.

"काय करून राहिले जी?" फाटकाच्या खोलीतून खाकी शर्ट घातलेला माणूस बाहेर येऊन ओरडत होता. "काढा ना गाडी! फाटक लावाचं आहे मले!"

तेवढ्यात डाव्या हाताला, बाभळींच्या आड वळणाऱ्या रुळांकडून, आगगाडीची शिट्टी आली. लांब, भसाडी, आणि फार जवळची.

यानंतरचं मार्तंडरावांना जे आठवतं ते एवढंच की आपले दोन्ही हात एका लोखंडी खांबाभोवती घट्ट आहेत, खांब थंड आहे, आणि छातीत भाता चालावा तसा श्वास चालला आहे. खांब फाटकाचा होता, कुहीच्या बाजूचा. उजव्या पायात सँडल नव्हती. दार कधी उघडलं, खाली कधी उतरलो, गाडीला मागे टाकून रूळ कधी ओलांडले, यातलं काही त्यांच्या डोक्यात नव्हतं. मधला तेवढा तुकडा कोणीतरी कात्रीने कापून नेला होता.

त्यांनी मागे वळून पाहिलं. पंधरा पावलांवर गाडी रुळांवर उभी होती. ड्रायव्हरचं दार सताड उघडं. त्या दारापाशी त्यांची सँडल पालथी पडली होती. पलीकडच्या बाजूने चारुलताबाई मागचं दार ओढत होत्या. ते दार आतून उघडायचं नाही, बाहेरूनही खांदा लावून, वर उचलून उघडावं लागायचं. हे दुरुस्त करायचं त्यांनी दिवाळीपासून ठरवलं होतं. काचेमागे नूपुरचा चेहरा होता. ती रडत नव्हती. ती आजोबांकडे बघत होती.

त्यांना जायचं होतं. पाय उचलायचा हुकूम त्यांनी दिलासुद्धा. पाय हलले नाहीत. पुन्हा शिट्टी झाली आणि हात खांबाला आणखी घट्ट बिलगले.

दार उघडलं. चारुलताबाईंनी पोरीला दंडाला धरून बाहेर खेचलं, जवळजवळ उचललं, आणि दोघी धडपडत उताराकडे पळाल्या. नागपूरच्या बाजूला. रस्त्याच्या कडेला जाऊन बसकण मारली, नूपुरचं डोकं पदरात घेतलं. आणि मग त्यांनी रुळांपलीकडे पाहिलं, खांबाला धरून उभ्या असलेल्या आपल्या नवऱ्याकडे.

आगगाडी आली नाही.

एक मिनिट गेलं. दोन गेली. बाभळीवर होले घुमत होते. फाटकवाला हातात लाल झेंडी घेऊन सावकाश मार्तंडरावांपाशी आला. पन्नाशीचा, बारीक चणीचा माणूस, खिशावर शालिकराम अशी पट्टी.

"बसा जी, बसा. पाणी आणू काय?" तो म्हणाला. "गाडी नाही येत. थे तिकडं सिग्नलले उभी आहे. फाटक लागल्याबिगर सिग्नल पडतच नाही ना."

"येत नव्हती?"

"कशी येईन? मी फाटक लावलंच नाही. लाल सिग्नल पाहून शिट्ट्या मारून राहिला थो." त्याने रुळांवरच्या गाडीकडे पाहिलं, मग त्यांच्या अनवाणी पायाकडे, आणि नजर लगेच दुसरीकडे वळवली. "होते असं. तुम्ही पहिले नाही."

शालिकरामने ते मन राखायलाच म्हटलं होतं. पण मार्तंडरावांना ते थोबाडीत बसल्यासारखं लागलं. येत नसलेल्या गाडीला भिऊन ते बायकोला आणि नातीला रुळावर टाकून पळाले होते. एकतीस वर्षं जो माणूस दुसऱ्यांना शेजारच्याचा हात धरायला शिकवत होता, त्याने कोणाचाही हात धरला नव्हता. आपल्याच घरात परका माणूस दिसावा तसे ते स्वतःकडे बघत राहिले.

दोन्ही बाजूंना मोटरसायकली साचल्या होत्या. पाच-सहा जणांनी गाडी ढकलून पाहिली. चाकं जाम. "ब्रेक पकडून आहे याचा," कोणीतरी म्हणालं, आणि त्या एका वाक्याने मार्तंडरावांचं डोकं एकदम चालू झालं. पाय उचलला की दट्ट्या पूर्ण मागे यायला हवा. तो मागे आला तरच बारीक छिद्र उघडतं आणि चाकांकडचं तेल परत टाकीत येतं. दांडीला पेरभर ढील ठेवायची ती त्याचसाठी. त्यांनी ती ढील स्वतःच्या हाताने काढून टाकली होती. छिद्र बंद, तेल अडकलेलं. ब्रेक घासत राहिले, तापत राहिले, तापल्यावर तेल आणखी फुगलं आणि चारही चाकं आवळली गेली. बायकोने विचारलं होतं. तिला ते दिसलं होतं, टॉर्च धरून.

ते चालत रुळांवर गेले. एका पायाला गिट्टी टोचत होती. डिकीतून पाना काढला, पुढच्या चाकामागे आडवे झाले आणि निपल शोधला. ड्रम इतका तापला होता की मनगट भाजलं. निपल सैल करताच तेलाची पिचकारी उडाली, शर्टावर, गिट्टीवर. आणि गाडीने सुस्कारा टाकावा तशी ती किंचित मागे सरकली.

"सुटली! ढकला!"

गाडी ढकलत रुळांपलीकडे, कुहीच्या बाजूला आली. शालिकरामने फाटक लावलं. थोड्या वेळाने पॅसेंजर गाडी आली, सहा-सात डब्यांची, खिडक्यांतून लोक बघत होते. मार्तंडराव एका बाजूला होते, त्या दोघी दुसऱ्या बाजूला, आणि मधून डबे एकेक करत जात राहिले.

फाटक उघडल्यावर त्यांनी निपल आवळला, पायाखालचं झाकण उघडून दांडी दोन आटे मागे घेतली, तेल भरलं. पेडल पेरभर नुसतंच हलायला लागलं. चारुलताबाई येऊन गाडीत बसल्या. पुढे नाही, मागे, नूपुरजवळ.

कुहीपर्यंत मार्तंडराव प्रत्येक गतिरोधकावर ब्रेक लावून, सोडून बघत राहिले.

अश्विनच्या अंगणात उशीर का झाला हे सांगावंच लागलं. सांगितलं चारुलताबाईंनी. पानावर गोळाभात वाढला जात होता, अश्विनची बायको वंदना वरून फोडणीचं तेल घालत होती, आणि चारुलताबाई अगदी रंगवून सांगत होत्या, ट्रॅक्टर, वास, आचका, शिट्टी. "आणि मग हे धावले ना फाटकवाल्याकडे, गाडी थांबव म्हणून सांगायला. मी नूपुरला काढलं."

"भाऊजी म्हणजे भाऊजीच," अश्विन म्हणाला. "आमची तर जागच्या जागी गाळण उडाली असती बाप्पा."

मार्तंडरावांचा घास हातातच राहिला. सोपं होतं. मान हलवायची आणि घास तोंडात घालायचा. बायकोने उघडून दिलेलं दार होतं ते, नुसतं बाहेर पडायचं होतं.

"मी फाटकवाल्याकडे नव्हतो गेलो," ते म्हणाले. "मी पळालो."

वंदनाच्या हातातली पळी थबकली.

"अहो, काहीतरीच काय बोलता," चारुलताबाई म्हणाल्या.

"पळालो, चारू. तुम्हा दोघींना टाकून."

अश्विन उगाच हसला, मग हसायचा थांबला. नूपुरने पानातून वर पाहिलं. "मला घ्यायला नाही आलात?"

"नाही बेटा."

"आजी आली."

"हो. आजी आली."

ती पुन्हा जेवायला लागली. पण अर्धा भात पानात तसाच राहिला, आणि तो टाकू नकोस असं तिला कोणी म्हटलं नाही.

जेवणं झाल्यावर मार्तंडराव हात धुवायला मागच्या मोरीवर गेले, तर मागोमाग चारुलताबाई आल्या. त्यांचा आवाज दबका होता. "कोणी मागितलं होतं तुम्हाला खरं? मी सगळं नीट लावून दिलं होतं ना?"

"मला खोटं सहन होत नव्हतं."

"तुम्हाला होत नव्हतं. आणि मला? मला त्याच्यावर विचारच नव्हता करायचा. आता करावा लागणार." त्या वळल्या आणि आत गेल्या.

संध्याकाळी अश्विनने दोघींना आपल्या गाडीने बेसाला, घरी सोडलं. मार्तंडराव अँबेसेडर घेऊन एकटे परतले. फाटक उघडं होतं, शालिकरामची पाळी संपली असावी, दुसराच कोणी स्टुलावर बसला होता. ब्रेक चांगला लागत होता आणि चांगला सुटत होता. त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही.

रात्री नूपुरने पुण्याला फोन केला. "बाबा, गाडी रुळावर बंद पडली होती. आजोबा घाबरले होते," एवढंच तिने सांगितलं, शाळेत काय झालं ते सांगावं तसं. मुलाने मग फोन मार्तंडरावांना द्यायला सांगितला. त्याने विचारलं, "ब्रेकचं काय झालं होतं?" ते मार्तंडरावांनी त्याला नीट समजावून सांगितलं.

पुढच्या रविवारी नूपुर गेली. घर रिकामं झालं. दोघं बोलत होती, नाही असं नाही. दूध, गॅसचा नंबर, पाण्याची टाकी. मार्तंडरावांना झोपेत तो खांब हाताला लागायचा, थंड, आणि ते दचकून जागे व्हायचे. शेजारी चारुलताबाई जाग्या आहेत हे त्यांना श्वासावरून कळायचं. दोघंही झोपल्याचं सोंग करत.

मग एका सकाळी, व्हरांड्यात चहा घेताना, चारुलताबाईंनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "गाडी खरंच आली असती, तर परत आला असतात?"

या प्रश्नाची मार्तंडराव पंधरा दिवस वाट पाहत होते. उत्तरही त्यांनी अनेकदा जुळवलं होतं.

"माहीत नाही," ते म्हणाले. "तुम्हा दोघींजवळ यायचं मनात होतं. पाय हलत नव्हते."

चारुलताबाईंनी पेपर खाली ठेवला. रागावतील, रडतील, असं मार्तंडरावांना वाटलं.

"ते दार उघडत नव्हतं ना," त्या म्हणाल्या. त्या गेटकडे बघत बोलत होत्या. "दोनदा ओढलं. तिसऱ्यांदा ओढताना मनात आलं, सोड. सोडून पळ. काचेतून ती माझ्याकडे बघत होती आणि मनात आलं, सोड."

मार्तंडरावांनी हातातला कप खाली ठेवला.

"सोडलं नाही. पण आलं मनात. स्पष्ट आलं." त्यांनी डोळे पुसले नाहीत, कारण डोळे कोरडे होते. "हे मी कोणाला सांगणार नव्हते. मरेपर्यंत नाही. तुम्ही त्या दिवशी भर पंगतीत आपलं सांगून मोकळे झालात, आणि मला वाटलं, आता माझं पण बाहेर येणार. म्हणून चिडले."

गल्लीतून भाजीवाला ओरडत गेला. मार्तंडरावांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तू काढलंस ना तिला, असं काहीतरी. पण ते तिला माहीत होतं, आणि त्याने तिचं काही हलकं होणार नव्हतं हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कोणाला कळत होतं?

त्यांनी फक्त खुर्ची ओढून तिच्या खुर्चीला टेकवली आणि बसले. मग चारुलताबाई म्हणाल्या, "चहा गार झाला." मार्तंडराव दोन्ही कप घेऊन आत गेले आणि त्यांनी नवीन आधण ठेवलं.